एस्तेरमावशीची ऑनलाइन मंडळी

एस्तेरमावशीला आज दुपारी मातीत ठेवून आलो.

नखांत अजून ती माती आहे. हात धुवावेसे वाटत नाहीत.

ज्यांना ती माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. सख्खी मावशी नव्हे. रिटायर्ड नर्स. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये माझ्या शेजारी उभी राहून गायची.

मी आणि महेश एकत्र राहतो हे चर्चमध्ये कळलं, तेव्हा तिथल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला कॉयरमधून काढलं.
"उपासनेला ये, मागं बस. पण गाऊ नकोस."

मी जायचंच बंद केलं. घरात गुणगुणणंसुद्धा बंद.

मग एक दिवस मावशी जुळे सोलापूरला आमच्या फ्लॅटवर आली. लिफ्ट बंद होती. गुडघे धरत धरत जिना चढून आली.

"मोबाईलवर मीटिंग घेतात ना, ते मला शिकव."
"कशाला गं?"
"उपासना घ्यायचीय. ज्यांना कुठं बसू देत नाहीत, त्यांना बसवायचंय."

पहिल्या रविवारी आम्ही तिघंच. मावशी, मी आणि वैरागची लता. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून लताला तिच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पाव देत नव्हते.

मावशीनं पाव मोडायला सांगितलं, तशी लतानं घाबरत विचारलं, "मावशी, माज्याकडं पाव न्हाय. कडक भाकरी हाय. चालंल का?"
"चालंल की! मोड तुकडा."

लता तो तुकडा हातात धरून किती वेळ रडत होती.

तेवढ्यात मावशीला माझ्यामागं महेश दिसला.
"तो मागं चहा करतोय तो महेश ना? बाळा, तू पण बस की."

माझ्या घरच्यांनी आजवर त्याचं नाव घेतलेलं नाही.

हळूहळू माणसं वाढली. अक्कलकोटचे एक काका, व्हीलचेअरवर असतात, ते कन्नडमध्ये प्रार्थना करायचे. आम्हाला निम्मी कळायची नाही. मावशीला तर काहीच नाही. पण आमेन सगळ्यात मोठ्यानं तीच म्हणायची.

गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली.
ऑपरेशन झालं आणि आवाज गेला.

मावशीचा आवाज. काय लिहू?

तरी दर रविवारी ती हजर. मुलीनं, शीलानं, तिला पाटी आणून दिली होती. पहिल्याच रविवारी मावशीनं त्यावर लिहिलं, "गीत तू म्हण."

मी मान हलवली. नाही जमणार.
तिनं पाटी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणली.

म्हटलं मग. आवाज फाटला, सूर सुटला, पण पूर्ण म्हटलं. ती नुसते ओठ हलवत होती.

परवा सकाळी शीलाचा फोन आला. "दादा, आई गेली."

आज कबरस्तानात मी आणि महेश मागंच उभे होतो. जुन्या चर्चची सगळी माणसं पुढं. पाळकांनी प्रार्थना संपवली, तशी शीला मागं वळली.

"दादा, पुढं या. आईनं लिहून सांगितलंय, गीत तुम्हीच म्हणायचं. महेशदादा, तुम्ही पण या."

पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. मग शीलाकडं. आणि ते एक पाऊल बाजूला सरकले. आम्ही पुढं झालो.

शीलाच्या हातातल्या फोनवर आमची मंडळी होती. मी सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात शब्दच फुटेना.

फोनमधून लताचा आवाज आला. नेट अडखळत होतं, शब्द तुटत होते, पण ती थांबली नाही. मग काका. मग बाकीचे, सगळे मागं-पुढं.

मग आमच्या शेजारी उभी असलेली जुन्या कॉयरमधली एक बाई गायला लागली. मग आणखी दोघी.

मला काढणारे गृहस्थही तिथंच होते. ते गायले नाहीत. पण माती टाकताना टोपली त्यांनीच माझ्या हातात दिली. मी मूठ भरून घेतली.

घरी आल्यावर महेश म्हणाला, "रविवारची लिंक तू पाठवशील ना?"
पाठवणार.

पण मावशी, तुझ्याशिवाय कसं गं?

प्रभूच्या कुशीत नीज आता. खूप दुखलं तुला.
तुझ्या सगळ्या लेकरांचा तुला अखेरचा जय ख्रिस्त.