कस्टममध्ये अडकलेल्या पाटल्या

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं?" पोलिसाच्या आठवणींत हसण्यासारखं फारसं नसतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच, कारण त्या पाटल्या अजून वापरात आहेत.

गावात शिलाईकाम करणारी एक मुस्लीम बाई होती. साठी ओलांडलेली, नवरा वारलेला, पोटी मूल नाही. अख्खा गाव तिला खाला म्हणायचा. लग्नाचा ब्लाउज शिवायचा तर खालाकडेच, असा तालुक्यातल्या बायकांचा दंडक होता, मग नवरी मोहल्ल्यातली असो की तलावाकाठच्या मासेमार ढिवरांच्या टोल्यावरची. आयुष्यभर मशीन चालवून खाला मक्केला उमरा करून आली. जाण्याआधी तिने आपल्या दोन सोन्याच्या पाटल्या सोनाराकडून उजळून घेतल्या. अल्लाच्या घरी जायचं तर अंगावरचं सगळं लख्ख हवं, असं तिचं म्हणणं. त्या इतक्या लख्ख झाल्या की परतताना विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याला वाटलं, बाईने तिकडे नव्याच घेतल्या. जाताना दागिन्यांची नोंद करून घ्यायची असते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सोनाराची पावती नाही, जातानाच्या फोटोत हात बुरख्याच्या आत. पाटल्या अडकल्या आणि खाला नुसती एक रसीद घेऊन गावात आली.

मग आमच्याकडे पत्र आलं. सदर दागिना प्रवाशाचा स्वतःचा व जुना आहे काय, चौकशी करून अहवाल पाठवावा. पुरावा मिळाला नाही तर पाटल्या सरकारजमा होणार होत्या.

मी खालाला बोलावून घेतलं. तिचा पहिला प्रश्न असा, "साहेब, पुढच्या शुक्रवारच्या आत सुटतीन का?"

"इतकी घाई कशाची?"

"असंच," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला हवालदाराला पाठवलं. खालावर साऱ्यांचा भारी जीव, त्यामुळे जो तो मदतीला धावला. पानठेलेवाल्याने सांगितलं, पाटल्या तिच्या निकाहातल्या. गिरणीवाला म्हणाला, छे, चंद्रपूरच्या सराफ्यात माझ्यासमोर घेतल्या. एका निवृत्त गुरुजींनी तर आपणच डिझाइन निवडून दिल्याचं छातीठोकपणे सांगितलं. असले जबाब कस्टमला पाठवले असते तर खालाच्या पाटल्यांसोबत माझीही चौकशी लागली असती. प्रेमाने दिलेली खोटी साक्ष दुष्मनाच्या साक्षीपेक्षा जास्त घात करते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं आहे.

त्यातच ठाण्यात फोन आला. कुणीतरी पुरुष होता. "खालाच्या पाटल्या म्हणता ना? त्या तिच्या नाईत. आमच्याकडच्या एका नवरीच्या हातात मी स्वतः पाह्यल्या." गावाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

आता मामला बदलला. चोरीचा माल घेतला, की गहाणाचा दडपला? मी खालाला पुन्हा बोलावलं, महिला हवालदाराला शेजारी बसवलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या पाटल्या दुसऱ्या बाईच्या हातात कशा दिसल्या?"

खालाचा चेहरा उतरला. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पाटल्या माह्याच हायेत. माह्या निकाहातल्या. बाकी काई इचारू नका."

"नाही सांगितलं तर सोनं जाईल."

"जाऊ द्या मंग."

मी चमकलो. ज्याचं सोनं खरंच स्वतःचं असतं तो ठाण्यात टेबलावर हात आपटतो. जवळचं एकुलतं सोनं 'जाऊ द्या' म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं, चहा पाजून पाहिला. चहा प्यायली, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोनवर सांगितलेल्या गावी गेलो. तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाळी वाळत घातलेली होती. खालाने शिवलेला ब्लाउज घालून नुकतीच लग्न होऊन आलेली सून तिथे एकच निघाली, ती अंगणात मासोळ्या साफ करत होती. पोलीस पाहताच तिच्या हातातली मासोळी गळून पडली. महिला हवालदार तिला घरामागे घेऊन गेली. थोड्या वेळाने दोघी परतल्या तेव्हा पोरगी डोळे पुसत होती आणि आमची हवालदारीणही.

"खालानं सांगतलं का माहं नाव?" तिने मला विचारलं.

"एक शब्द बोलली नाही."

हे ऐकून ती आणखीच रडली. मग दबक्या आवाजात सारं सांगितलं. ज्या नवरीच्या घरी सोनं करायची ऐपत नसे, तिला ब्लाउजच्या शेवटच्या फिटिंगच्या दिवशी खाला कापडाच्या पिशवीतून पाटल्या द्यायची. लग्नात घालायच्या, सासरच्यांनी माहेरचं सोनं म्हणून पाहायचं, आणि नवरी पहिल्यांदा माहेरी आली की परत. पैसा घ्यायचा नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. येत्या शुक्रवारी तिच्याच एका मैत्रिणीचं, मूल गावाजवळच्या मजुराच्या पोरीचं, लग्न होतं. तिचा ब्लाउज तयार होता, पाटल्या तेवढ्या कस्टममध्ये होत्या.

म्हणजे खाला स्वतःला वाचवत नव्हती. कुठल्या कुठल्या घरांत नांदणाऱ्या पोरींची अब्रू वाचवत होती. मला त्या पाळीवर उभ्याउभ्या भरून आलं, खोटं कशाला सांगू?

"माह्या सासूले कळू देऊ नका," एवढंच ती म्हणाली. मी शब्द दिला आणि हात हलवत परत आलो. तिच्या जबाबाशिवाय पाटल्या सुटत नव्हत्या आणि जबाब घेतला तर गुपित फुटत होतं. आता शुक्रवारही दूर नव्हता.

सकाळी ठाण्यात येतो तर व्हरांड्यात ती पोरगी हजर. काखेत लग्नाचा अल्बम आणि सोबत साक्षात सासू! अंगापिंडाने मजबूत, आवाज तलावापलीकडे जाईल असा.

"साहेब, हे पोरगी रातभर रडून राह्यली होती. मले वाटलं काय झालं बापा! शेवटी सांगतलं, तं मी हासली." तिने कमरेच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. "हे पाहा. मी. माह्या लग्नातली."

फोटोतल्या नवरीच्या हातात त्याच पाटल्या होत्या. धानाच्या लोंबीची नक्षी, आणि एका लोंबीचं टोक चेपलेलं. सुनेच्या अल्बममध्येही तेच चेपलेलं टोक.

"मांडवात सुनेचा हात पाह्यला आन् तवाच ओळखलं," सासू म्हणाली.

सून आ वासून पाहत राहिली. "मंग मले काऊन नाई सांगतलं, आई?"

"काय सांगाचं? तुहा मान तुह्यापाशी राहू देला."

फोन कोणी केला होता, तेही तिनेच सांगितलं. दाराआड उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याला तिने पुढे ओढलं. "यायनंच केला! यायले वाटलं, सुनेच्या पाटल्या खालानं ढापल्या."

"लग्नात पाह्यल्या, मंग कधी दिसल्याच नाई," तो बापडा पुटपुटला. "मी सुनेसाठीच केला, साहेब."

खालाला बोलावून घेतलं. तोवर बातमी बायकाबायकांत फिरली होती आणि दुपारपर्यंत माझा व्हरांडा अल्बमवाल्या बायकांनी भरून गेला. कुणी कुंकवातली, कुणी बुरख्यातली. खाला दारातच थबकली. "कशाले आल्या गे साऱ्या? अक्कल हाये का तुमाले?" असं म्हणत ती रडायला लागली आणि रडता रडता हसायला. आमचा ठाणे अंमलदार चहा मागवून मागवून थकला. मुद्देमालाच्या खोलीपर्यंत हशा ऐकू जात होता. माझ्या नोकरीत ठाणं असं हसलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

जबाबांसोबत फोटो जोडून अहवाल मी त्याच दिवशी विशेष माणसाकरवी पाठवला. कस्टमच्या सुनावणीला खालासोबत ती सासूही गेली. तिथल्या मूल्यमापकाने भिंगातून चेपलेली लोंबी पाहिली, फोटोशी ताडली आणि पाटल्या खालाच्या हातात ठेवल्या. तिने त्या घातल्या नाहीत. रुमालात बांधून तशीच गाडीत बसली, कारण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

पोलिसाला वाटतं, गप्प बसलेला माणूस स्वतःचं काहीतरी लपवतो. या प्रकरणाने मला शिकवलं की माणूस दुसऱ्याची लाज झाकण्यासाठीही गप्प बसतो, आणि त्या गप्पपणाला फोडायचं नसतं, त्याच्याजवळ जरा थांबायचं असतं. दुसरं असं, की तालुक्यात एवढी वर्षं चाललेली गोष्ट साऱ्या बायकांना ठाऊक होती आणि एकाही पुरुषाला नव्हती, यात ठाणेदारही आला.

मला लग्नाचं आमंत्रण होतं. गेलो. नवरी सुंदर दिसत होती. जेवणाच्या पंगतीत नवरदेवाचा बाप माझ्या शेजारी बसला. मांडवाकडे पाहत तो हळूच म्हणाला, "साहेब, पाटल्या भारी दिसून राह्यल्या. पोरीच्या बापाले झेपल्या कशा? माहेरच्याच हायेत ना?"

समोरच्या बायकांच्या पंगतीत खालाचा घास हातातच थांबला होता.

"मी स्वतः चौकशी केली आहे, भाऊ," मी म्हणालो. "माहेरच्याच आहेत."