हिरवळीखालची वाट

आमदारकीची निवडणूक मी शनिवारी हरलो आणि सोमवारी काळा कोट घालून वडगावच्या कोर्टात गेलो. पाच वर्षं आमदार होतो, पण वकिली त्याआधीची. बाररूममधले सगळे माझ्याकडं सुतकाला आल्यासारखे बघत होते. बाहेरच्या बाकावर मात्र औंढ्याकडच्या एका वाडीतली म्हातारी मावशी माझीच वाट पाहत बसली होती.

"बरं झालं पडलास, वकीलभाऊ," ती म्हणाली. "आमदार असताना तुला गाठायचं म्हंजे मधी चार माणसं. आता नीट ऐकशील."

मला मनापासून हसू आलं. "बोला मावशी."

वाडीतून झऱ्यावर जाणारी वाट एका बंगल्याच्या आवारातून जात होती. नव्या मालकानं दोन महिन्यांपूर्वी फाटकाला कुलूप घातलं. बायकांना आता हंडे घेऊन टेकडीला वळसा पडत होता.

माझा कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, तहसीलदारांना एक फोन टाका. अजून ऐकतील तुमचं."

"फोनवर मिळालेली वाट फोनवरच जाते," मी म्हणालो. "हुकूम कागदावर पाहिजे."

तहसीलदारांपुढं दावा लावला. मालकाच्या वकिलानं ठासून सांगितलं की तिथं वाट कधी नव्हतीच. मी स्थळपाहणी मागितली.

ठरल्या दिवशी आम्ही सगळे आवारात उभे राहिलो. समोर नुसती हिरवळ, नवीच अंथरलेली.

"दाखवा वाट," समोरचे वकील म्हणाले.

मावशीनं पदर खोचला आणि फाटकापासून चालू लागली. खाली न बघता, थेट. एका जागी थांबून तिनं टाच आपटली. "हितं पायऱ्या हायेत. माज्या सासऱ्यानं बसवल्यात."

तहसीलदारांनी माळ्याला हिरवळ उचलायला सांगितली. त्यानं मालकाकडं पाहिलं, मग कुदळ घातली. पहिला दगड निघाला, मग दुसरा, तिसरा. तिन्ही मधोमध झिजलेले. पंचनाम्यावर मावशीनं अंगठा उमटवला. विधानसभेत मी पुष्कळ भाषणं केली, टाळ्याही घेतल्या, पण आपण कशासाठी शिकलो ते मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

हुकूम आमच्या बाजूनं झाला, कुलूप निघालं. पुढं मी पुन्हा उभा राहिलो आणि निवडूनही आलो. आमदार म्हणून त्या वाडीच्या ग्रामसभेला गेलो, तर मावशी उठून ग्रामसेवकाला विचारत होती, "पान्याची टाकी मंजूर हाय म्हणता, मग कागुद कुटं हाय? दाखवा."

ग्रामसेवकानं आशेनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "त्यांना दाखवा की."

त्यानं कपाट उघडलं.