चौकोनी भाकरी

“चावत ऱ्हावा की, मऊ होतंय!”

जेवणाच्या सुट्टीत समोरचा माणूस घास तोंडात धरून केविलवाणा बघायला लागला, की ताई हे वाक्य टाकायच्या आणि स्वतः एका गालाने हसायच्या. दुसऱ्या गालात तीच भाकरी असायची.

सोलापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही बरोबर होतो. मी चष्म्यांच्या काउंटरवर, ताई पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायला. “डोळं मिटा, आन् तोंडबी मिटा,” अशी त्यांची पद्धत. मोठमोठे बागायतदार त्यांच्यापुढे मुकाट बसायचे.

तुम्ही म्हणाल, सोलापूरकराने कडक भाकरीला भ्यावं? अहो, आमची खरी कडक भाकरी पापडासारखी कुडकुडते. ही कुडकुडत नव्हती, ही अंगावर यायची. शिवाय ती चौकोनी होती.

त्याचं असं झालं. ताईंचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचे. कड वाकडी दिसली की टॉवेल बाजूला. कारखाना बंद पडला आणि हा माणूस घरात भिंतीकडे तोंड करून बसला. दाढी करीना, दोन्ही मुलींशी बोलेना. “माझ्या पगारात भागंल कसंबी, काका,” ताई मला म्हणाल्या. “पर ते भिंतीत काय बघत्यात, त्येचीच भीती वाटती.” हे सांगताना मात्र त्या हसल्या नाहीत.

एके सकाळी उशीर झाला म्हणून त्यांनी पिठाची परात नवऱ्यापुढे सरकवली आणि डबा न घेताच निघून आल्या. दुपारी यजमान स्वतः डबा घेऊन दवाखान्याच्या फाटकात हजर. दाढी केलेली! भाकऱ्या त्यांनी थापल्या होत्या, भाजल्या होत्या, टिकाव्यात म्हणून पुन्हा भाजल्या होत्या आणि मग सुरीने चारी कडा सरळ कापल्या होत्या. कड वाकडी असली तर माल परत येतो, एवढं त्यांना आयुष्यात पक्कं ठाऊक होतं.

ताईंनी आम्हाला जेवणाच्या खोलीत गोळा केलं. “डबा रिकामाच गेला पायजे. माल परत गेला तर माझा माणूस परत भिंतीकडं बसंल.”

झालं! तेव्हापासून रोज आम्ही त्या भाकरीशी झुंजू लागलो. शेंगाचटणी, दही, आमटी, सगळ्यांत ती बुडवून पाहिली. आमटी संपायची, भाकरी तशीच. डॉक्टरांनी नुकताच नवा दात बसवून घेतला होता. त्यांनी एक तुकडा गुपचूप केसपेपरांवर वजन म्हणून ठेवला. ताईंनी तो शोधून त्यांच्या ताटलीत वाढला. “डॉक्टर, माल लपवायचा न्हाय.”

वळसंगचे एक आजोबा डोळ्यांत थेंब घालून जेवणाच्या खोलीच्या दाराशी बसले होते. धुरकट नजरेने त्यांनी टेबलावरचा उघडा डबा न्याहाळला. “बाई, शहाबादी लादी कुटनं आनली? आमाला बी अंगणात टाकायची हाय.”

ताई खुर्चीत बसून पोट धरधरून हसल्या. घरी मात्र रोज सांगायच्या, “सगळ्यांनी लई आवडीनं खाल्ली बगा.”

पुढे यजमान माझ्याकडे जवळचा चष्मा करायला आले. कडा नीट दिसेनात म्हणे. ताई आत होत्या. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. “काका, दात बरं हायत न्हवं समद्यांचं?”

मी खोकलो.

“आवो, जलम माल तपासण्यात गेला माझा. दगड पास झालेला मला कळंना व्हय? पर डबा रिकामा येतोय, म्हनून सकाळी उठावं वाटतंय. हिला सांगू नका. तिला वाटतंय मला म्हाईत न्हाय.”

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. “काय चाललंय दोघांचं?”

“नंबर बघतोय,” मी म्हणालो. माझाच चष्मा धूसर झाला होता.

मग मोडनिंबला दवाखान्याची शाखा निघाली आणि तिथला कारभार ताईंकडे आला. यजमान म्हणाले, “भाकरी काय, कुटंबी थापता येती!” सगळं बिऱ्हाड निघालं.

शेवटच्या दिवशी ताईंनी डबा उघडला. आत यजमानांनीच थापलेल्या भाकऱ्या होत्या. गोल, टम्म फुगलेल्या, सायीसारख्या मऊ. कडा जरा वाकड्याच. आम्ही एकेक घास घेतला. ज्यांनी इतके दिवस दगड पचवले, त्यांना ती मऊ भाकरी संपवेना. पहिल्यांदाच डब्यात माल उरला.

ताईंनी सगळ्यांकडे बघितलं आणि उरलेली भाकरी स्वतःच उचलली. “चावत ऱ्हायलं की मऊ होतंय, म्हनलं हुतं का न्हाय मी?” त्या म्हणाल्या. ह्या वेळी दोन्ही गालांनी हसल्या, आणि डोळे पुसले.

आता आमचं जेवण पटकन उरकतं. सगळ्यांच्याच डब्यात मऊ पोळ्या असतात. उरलेली सुट्टी कशी घालवायची, ते कुणालाच कळत नाही.