काकूंचं मत आणि तीन तासांचा उखाणा

"नवऱ्याचं नाव सांगा, नाहीतर मत गेलं समजा!" मी इतक्या जोरात ओरडलो की संसद भवनावरची कबुतरं उडाली असणार. देशाच्या पहिल्या निवडणुकीची मतदार यादी करत मी, दिल्लीतला नवाकोरा कारकून, सरकारी क्वार्टर्समध्ये दारोदार हिंडत होतो. दारात मराठी काकू उभ्या. मत त्यांना हवंच होतं, पण नवऱ्याचं नाव काही तोंडाने घेईनात.

"घेतलं तर उखाण्यातच घेईन," म्हणाल्या.

"घ्या!"

त्यांनी घेतला. हिमालयापासून निघाला तो थेट कन्याकुमारीपर्यंत गेला, वाटेत यमुनेला दोन पूर आले, माझी दाढी वाढली. शेजारणी टाळ्या पिटत होत्या. तिसऱ्या तासाला नाव आलं. मी घामाघूम होऊन यादीत लिहिलं, 'अमक्यांची पत्नी'.

मागून आमचे पंजाबी साहेब कडाडले, "बेवकूफ! औरत का अपना नाम लिखो, वरना एंट्री कटेगी!"

मी हात जोडले. "काकू, आता तुमच्या नावालाही उखाणा?"

"छे! ते तुम्ही विचारलंच नव्हतं."