शाल

रामनगरला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचा मेळावा होता. एप्रिलची भर दुपार, पत्र्याचा मांडव, आणि माइकवर अर्थात मी! प्रमुख पाहुण्यांनी तासभर बजावलं, ‘या आजारात उष्णता टाळा. अंग तापलं की पायांतलं बळ जातं.’ टाळ्या झाल्या. मग सत्कार! गुंद गावाहून काठी टेकत आलेल्या एका रुग्ण बाईंना मी गर्जून पुढे बोलावलं, आणि त्याच पाहुण्यांनी त्यांना जाड लोकरी शाल पांघरली. फोटोवाला ओरडला, ‘अजून गुंडाळा!’

बाईंचे गुडघे लटपटले. त्या खुर्चीत बसल्या आणि सावरायला वाकलेल्या पाहुण्यांच्याच खांद्यांवर त्यांनी ती शाल चापूनचोपून घातली.

‘सायब, तुमीच पांघरा. तुमचं पाय धड हाईत. मला बसपातूर चालायचं हाय.’

मग टेबलावरच्या तांब्यातल्या पाण्याने पदर भिजवून त्यांनी मानेभोवती घेतला.

‘मानंवरच व्हय?’ मागच्या एका रुग्णाने विचारलं.

‘व्हय, आन मनगटावर बी. पाय ऐकाय लागत्यात.’

सगळे आपापले रुमाल घेऊन तांब्याकडे निघाले. पाहुणे शालीत घाम गाळत हसत राहिले. शाल मीच निवडली होती, दुकानातली सगळ्यात जाड.