रूथबाईंची माणसं

रूथबाई दर रविवारी दहाच्या ठोक्याला प्रार्थनाघर उघडत आणि रिकाम्या बाकांवर एकेक करून हात ठेवत. ज्या बाकावर जे कुटुंब बसायचं, त्यांची नावं घेऊन देवाकडे मागणं मागत. ती कुटुंबं कधीच मुंबई-पुण्याला गेली होती. पाळक महिन्यातून एकदा चिपळुणाहून येत. बाकीचे रविवार बाई एकट्याच.

मी त्यांची मांडवीतली शेजारीण. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे तोंडाने फटकळ. एकदा म्हटलंच, "देवाने निवडलेली माणसं म्हणता, आणि तुम्हाला फोन करायला एकालाही सवड नाही!"

"अगो सुमन, त्याने निवडलंय ते निवडलंय. सवडीवर थोडंच ठेवलंय?"

गेल्या वर्षी त्यांचा पाय मुरगळला, म्हणून हात धरून मीही आत गेले. तिसऱ्या बाकाशी त्या म्हणाल्या, "प्रभू, विजयच्या गुडघ्याला आराम पडू दे."

विजय दोन महिन्यांपूर्वी मुंबईत वारला होता. मला बाजारात कळलं होतं; बाईंना ठाऊक असणारच, असं मी धरून चालले होते. शेवटी सांगून टाकलं.

"मेलेल्यांसाठी आम्ही मागत नाही गो, आभार मानतो," त्या म्हणाल्या. "आणि मी आपली त्याचा गुडघा धरून बसलेय!" त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. "देव मला विसरलेला नाही, हे पक्कं ठाऊक आहे मला. पण कुणी एक फोन तरी करायचा."

मग डोळे पुसून त्यांनी विजयबद्दल आभार मानले. शेवटच्या बाकापाशी माझं नाव घेतलं.

"मी कुठे तुमच्यातली?"

"ते तू त्याला सांग. मला नको."

गेल्या महिन्यात बाई झोपेतच गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या वहीतले सगळे नंबर मीच फिरवले. हळहळले सगळे, पण कुणाला रजा नव्हती, कुणाच्या मुलाची परीक्षा होती. पुण्याचा एकजण तर म्हणाला, "बाई गेल्या? मग आता आमच्यासाठी प्रार्थना कोण करणार?"

"तुम्ही करा की! त्यांच्यासाठी कधी केली असतीत तर जीभ झिजली नसती!" म्हणून मी फोन बंद केला. असा संताप आला मेल्याचा!

पण खोटं कशाला बोलू? बाई गेल्याचं कळलं, तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.