लॅबवाल्या काकांची चिंच

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! आज दादरच्या मार्केटात चिंच दिसली आणि आमच्या परळच्या कॉलेजातले लॅबवाले काका आठवले.

प्रत्येक नव्या बॅचला ते चपातीचा कोरडा तुकडा चघळायला लावायचे. "गोड लागता ना? तुझ्या लाळेत कातर आसा गो. पिठाच्या लांब साखळ्या कापून साखर करता. लाळ उकळलंस तर कातर वाकडी, मगे कायच कापूची नाय!"

फायनल प्रॅक्टिकलला मला नेमका लाळेचाच प्रयोग आला आणि भीतीने तोंड कोरडं ठाक! टेस्टट्यूबमध्ये थेंब पडेना. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम घड्याळ बघतायत. काकांना बोलायला बंदी. ते गुपचूप मॅडमच्या मागे जाऊन उभे राहिले, खिशातून चिंच काढली आणि एक डोळा मिटून अशी काही चोखली, की माझ्या तोंडाला धारच लागली! लाळ पडताच आयोडीनने निळी झालेली पिठाची कांजी बघता बघता रंगहीन झाली. पास!

नंतर थँक्यू म्हणायला गेले, तर म्हणाले, "मी काय केलंय? मी चिंच खाल्लंय."

पुढच्याच वर्षी ते रिटायर होऊन गावी गेले. आज मार्केटात नुसती चिंच बघून तोंडाला तशीच धार लागली.

तुम्हालाही कुणी असं एक शब्द न बोलता वाचवलंय का?